मामा नीमाचं वारूळ

जीप सुरू झाली आणि माझ्या याडीनं ढावलो धरला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. याडी म्हणजे आई. आम्ही दारव्ह्याकडची तांड्यावरची बंजारा माणसं, घरात आमची गोरबोली. पण सगळ्यांना समजावं म्हणून माणसांचं बोलणं मी इथं वऱ्हाडीतच लिहिते. ढावलो म्हणजे पोरगी लग्न होऊन सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून, रडत रडत म्हणते ते गाणं. ते नवरीनं म्हणायचं असतं, आईनं नाही. आणि माझं लग्न तर जुनं झालेलं, मांडीवर दोन लेकरं. जीपवाला हसायला लागला. मागच्या बाकड्यावरची एक बाई म्हणाली, “अवं, नवरी तं दोन लेकरांची माय झाली, आता कायले रडते?” याडी थांबली नाही. फेटियाचा, म्हणजे आमच्या घागऱ्याचा, घेर एका हातानं उचलून धरत ती जीपच्या मागे तांड्याच्या वळणापर्यंत आली. तिथं जीपनं वेग घेतला, तेव्हा तिनं गाणं मधेच टाकलं आणि ओरडून सांगितलं, “गहू डाळीच्या डब्यात हाय वं! पाहून घेजो!”

गहू तीजेचा होता. माझी सुनिता तेव्हा सहा वर्षांची, पिंटू अंगावर पिणारा. श्रावणात आमच्या तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात, ती तीज. “दूर गेली म्हणून पोरीची तीज चुकवजो नको,” हे याडीनं निघायच्या आधी इतक्यांदा सांगितलं की मिस्त्री वैतागले. मिस्त्री म्हणजे माझे मालक. जिनिंगमध्ये फिटर होते, सारं जग त्यांना मिस्त्री म्हणे, म्हणून मीही तेच म्हणायला लागले.

जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे असतात, ओळीनं मांडलेले. आमची खोली जिनिंगच्या मागेच. मिस्त्री जेवताना घास हातात धरून कान द्यायचे आणि म्हणायचे, “चौथ्याचा रोलर घासून राह्यला.” मला तर सगळा एकच खडखडाट. मग ती वर्षं आली. कापसाला भाव नाही, वेचणाऱ्या बाईची मजुरी निघेना, लोक सोयाबीनकडे वळले. कापसाच्या बैलगाड्यांची रांग फाटकापासून पार नेरच्या रस्त्याला लागायची, ती हळूहळू आटली आणि एका हंगामात फाटक उघडलंच नाही. तरी मिस्त्री रोज डबा घेऊन जात, बंद फाटकाशी चौकीदाराजवळ बसून खात आणि परत येत. मी एकदा विचारलं, “कायले जाता?” तर म्हणाले, “घरी बसून करू काय? आवाजच नाही.”

त्याच सुमाराला नागपूरचा एक मशीनवाला आफ्रिकेत, टांझानियात रेचे पाठवत होता. तिथं ते चालवायला माणूस पाहिजे होता. मिस्त्रींनी मला विचारलं नाही, सांगितलं. मी याडीला सांगितलं. ती चुलीतली लाकडं मागेपुढे करत म्हणाली, “आपले आजे-पंजे बैलांवर मीठ-दाणा लादून मुलखातून फिरत होते. बैल सोडले तिथं गाव. जा.” आणि जीप निघाल्यावर तिनंच ढावलो धरला. माणूस बोलतो एक.

रस्त्याचं सांगत बसत नाही. विमानात पिंटू सारखा रडला आणि सुनितानं ढगांना कापूस म्हटलं, एवढं पुरे.

गाव म्हणजे कापसाचंच गाव. मोठ्या सरोवरापासून आत, सपाट मुलूख, काळी माती. कापसाला तिथं पाम्बा म्हणतात. जिनिंगच्या आवारातच पत्र्याच्या छपराची दोन खोल्यांची जागा मिळाली. भोंगा तोच, खडखडाट तोच, हवेत उडणारी रुई तीच. ती रुई सगळ्यावर बसायची. डाळीत, दुधात, पिंटूच्या पापण्यांवर. मी दिवसभर ओलं फडकं घेऊन पुसत राहायची, आणि पुसून झालं की पहिल्यापासून पुसायची. तांड्यात काम असायचं तेव्हा काम संपायचं. इथं संपतच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर संपलं की जास्त भीती वाटायची. मग पिंटूला काखेत मारायचं आणि निघायचं. दारातून फाटकापर्यंत, फाटकातून परत दारापर्यंत. चौकीदार विचारायचा, “मामा सुनिता, कुठं?” तिकडं बाईला तिच्या थोरल्या लेकराच्या नावानं हाक मारतात, मामा म्हणजे माय. आपल्याकडे सुनिताची माय म्हणतात, तसंच. मी म्हणायची, “कुठं नाही.” आणि परत फिरायची.

येताना दोन बॅगा आणल्या होत्या. एक उघडली. दुसरी याडीनं भरलेली, तिच्यात तिनं शिवलेली गोधडी, पापड, काय काय. ती मी उघडलीच नाही. खाटेखाली तशीच ढकलून ठेवली. उघडली म्हणजे राहिलो, असं काहीतरी डोक्यात. दर रविवारी मी मिस्त्रींना विचारायची, “कधी निघायचं?” ते म्हणायचे, “हंगाम तं होऊ दे.” एक हंगाम झाला, दुसरा आला.

खाण्यापिण्याचं जमलं बरं का. बाजारात एक दिवस पांढरं पीठ दिसलं, बोटाला लावून चाखलं, तर ज्वारी! तिथं मतामा म्हणतात. मी अंगणात तीन दगड मांडून भाकर टाकली. शेजारच्या कुंपणाआडून एक बाई पाहत होती. उंच, डोक्याला फुलाफुलांचं फडकं बांधलेलं, फाटकासमोर टमाटे विकायला बसायची. तिला म्हणायचे मामा नीमा. तिची पोरगी नीमा आमच्या सुनिताएवढीच. हातावर थापून भाकर एवढी मोठी होते हे पाहून ती मोठ्यानं हसली आणि म्हणाली, “करीबू.” ये, स्वागत आहे, असं. मीही हसले. तेवढंच. पुढे कितीतरी महिने आमचं बोलणं करीबूच्या पुढं गेलं नाही.

माणसं तिथली फार चांगली. ठेच लागली तरी दहा जण म्हणायचे, “पोले, मामा, पोले,” म्हणजे बाई, वाईट वाटलं. दुकानदार उठून उभा राहायचा. बाया माझ्यासाठी बाकावर जागा करून द्यायच्या. वर्षभर मला कोणी एक वाकडा शब्द बोललं नाही. तुम्ही म्हणाल, यात वाईट काय? सांगते पुढे.

फोनचं असं होतं की तांड्यात फोन नव्हता. दारव्ह्याच्या बाजाराच्या दिवशी याडी एसटीडीवाल्याच्या दुकानात येऊन बसायची आणि आम्ही इकडून लावायचो. ती आधी विचारायची, “दुसरी बॅग उघडली का? पापडाचा चुरा झाला असंन.” मग गावच्या बातम्या. बातम्या सांगता सांगता मधेच थांबायची, आणि त्या थांबण्यात मला कळायचं की कोणाच्या तरी घरी वाईट झालं. मी विचारायची नाही. ती सांगायची नाही. मग ती पिंटूच्या दातांचं विचारायची.

लेकरं मात्र कोणासाठी थांबत नाहीत. सुनिता आणि नीमा सकाळपासून एकत्र. सुनिता उगाली खाऊन यायची, मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा, आणि घरी भाकर नको म्हणायची. मी गोरबोलीत विचारलं की तिथल्या स्वाहिलीत उत्तर. मिस्त्रींनी एक दिवस ते ऐकलं आणि ताटावरून उठले. नीमा ज्या शाळेत जायची ती सरकारी, स्वाहिली. इंग्रजी शाळा लांब शहरात. मिस्त्रींनी ठरवून टाकलं, हंगाम संपला की मिस्त्रींसोबतचा वानखडे फिटर सुटीवर जाईल, त्याच्यासोबत सुनिताला याडीकडे पाठवायचं. तांड्यात राहील, दारव्ह्याला शिकेल, आपली पोर आपली राहील. याडीला फोनवर सांगितलं, तर तिचा आवाजच बदलला. “पाठव, पाठव. मी तिच्यासाठी खाट विणतो.” सगळ्या तांड्याला सांगून आली असणार.

मी काय म्हणणार होते? रोज निघू निघू मीच करत होते, आता माझ्या ऐवजी सहा-सात वर्षांची पोर निघणार होती. माझा जीव दोन्हीकडून ओढायचा. पाठवलं तर मी इथं कशाला राहू, आणि नाही पाठवलं तर उद्या ती माझ्या याडीशी कोणत्या बोलीत बोलेल? सुनिताचे फ्रॉक मी घडी करायची, परत उलगडायची. पोर विचारायची, “याडी, काय शोधून राह्यली?”

अशात श्रावण आला. तिकडं श्रावण म्हणजे कोरडं ऊन, जिनिंगचा ऐन हंगाम. पण डब्यात गहू होता आणि डोक्यात याडीचा आवाज. म्हटलं, जायच्या आधी पोरीची तीज तरी टाकू. बाजारातून टोपली आणली, शेळीच्या लेंड्या आणल्या, गहू भिजत घातला. राहिली माती. तीजेला माती वारुळाचीच लागते, शेतातली चालत नाही. आणि मामा नीमाच्या कुंपणामागे वारूळ होतं, बाई, केवढं! आपल्याकडची वारुळं गुडघ्याएवढी, हे मिस्त्रींच्या डोक्यावर जाणारं. आतमध्ये वाळवी. मी वर्षभर ते पाहतच होते.

सकाळी उठले, मिस्त्रींची सबल, लोखंडी पहार, घेतली, पिंटूला बाजूला बसवलं. आमच्या रीतीप्रमाणे आधी वारुळाला हळद-कुंकू लावलं, पाणी शिंपडलं, हात जोडून माफी मागितली, “माय, तुह्या घरातली थोडी माती नेतो, पोरीसाठी नेतो.” आणि घातला घाव. टोपली भरली, शेजारी ढीग झाला. मी आपली खुश.

मागून आवाज आला, “होडी म्हणलं का तू?”

होडी हा तिकडचा रिवाज. कोणाच्या दारात, अंगणात शिरायच्या आधी बाहेरून होडी म्हणायचं. आतून करीबू आलं तरच पाऊल टाकायचं. हे मला पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं. मामा नीमा कमरेवर हात ठेवून उभी होती. ती जे बोलली ते मी माझ्या बोलीतच सांगते, मला तर ते तसंच ऐकू आलं.

मी म्हटलं, “होडी कोणाले म्हणू? वारूळ हाय ना.”

“वारूळ माझं हाय. माझ्या मायनं मले देल्लं. पाऊस लागला की याच्यातून कुंबीकुंबी उडते, पंखवाल्या वाळव्या. आमी धरतो, भाजतो, लेकरं खातात, उरल्या तं इकतो. तू भर उन्हाळ्यात याचं पोट फोडलं. आता ते उडतील का घर सांधत बसतील?”

मला काय माहीत की वारुळाला मालकीण असते.

“तुह्या घरात येऊन तुह्या पिठाच्या डब्यात मी हात घातला तं?” तिचा आवाज चढला. आणखी दोन-तीन बाया कुंपणाशी आल्या. “वर्षभर पाहून राह्यली मी तुले. कोंबडी तरी एका जागी खुडूक बसते. तू दारातून फाटकात, फाटकातून दारात. एक झाड लावलं नाही, अंगणात एक दगड ठेवला नाही. आणि वर्षात एकदा कुठी हात लावला, तं खड्डाच केला.”

मला रडू आलं. आणि रडता रडता, देवाशपथ सांगते, हसू आलं. कारण हा आवाज माझ्या ओळखीचा होता. असं मला फक्त एकच बाई बोलायची, आणि ती दारव्ह्याच्या एसटीडीवाल्याकडे बसलेली असायची. मी तिथंच त्या मातीत मटकन बसले. पिंटू मला पाहून माझ्यासारखाच बसला.

मग मी तिला समजावून सांगितलं, अर्धं तिच्या भाषेत, अर्धं हातांनी. गहू, टोपली, पोरी, पाणी, गाणी. ती ऐकत होती.

“माती वारुळाचीच काहून?”

“ती ओसाड नसते. आत कोणीतरी राहत असते.”

“बरं. पोरी कोणाकोणाच्या?”

“एकटी सुनिता.”

“एका पोरीची असते का ही तीज?”

“नाही. साऱ्या तांड्याची असते. आमच्याकडं आधी नायकाले इचारतात, तांड्याच्या मुखियाले, मंगच गहू भिजवतात.”

“मंग इथी कोणाले इचारलं?”

मी वाळवीला विचारलं, देवीला विचारलं, माणसाला विचारलं नाही. इथं नायक कोण आहे हे शोधायचंच मी विसरले होते, आणि ती माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

मामा नीमानं शिक्षा सांगितली. वारूळ वाळव्याच सांधतील, त्यांचं काम त्यांना येतं. पण तोपर्यंत कोंबड्या येऊन चोची मारतील. तर मी रोज सकाळी इथं बसायचं आणि कोंबड्या हाकलायच्या. भोक बुजेपर्यंत. आणि दुसरं, “माती माझी. तं पहिली टोपली नीमाची.”

तर अशी मी बसले. पिंटूला मांडीवर घेऊन, हातात काडी, कोंबड्यांना शूः शूः करत. पहिल्या दिवशी पाय असे शिवशिवत होते की काय सांगू. उठावं, फाटकापर्यंत जाऊन यावं. पण उठले की कोंबडी आलीच. मामा नीमा समोरून, टमाट्यांच्या ढिगामागून पाहायची. जाणाऱ्या-येणाऱ्या बाया थांबायच्या, हसायच्या, “वारूळ राखते का, मामा सुनिता?” एक जण शेंगा टाकून गेली, एक जण पिंटूचे केस पाहून तेल कोणतं लावते विचारायला बसली ती बसलीच. बसल्या माणसाजवळ लोक बसतात. चालत्या माणसाला कोणी काय विचारणार?

तीज अशी झाली की तांड्यातही झाली नसती. नीमाची टोपली, सुनिताची टोपली, बाजूच्या चौकीदाराच्या दोघी पोरींची, जिनिंगच्या गुजराती मुनीमजींच्या पोरीची. सुनिता सगळ्यांची नायक. सकाळ-संध्याकाळ पाणी, आणि मी म्हणेन ती ओळ त्या सगळ्या म्हणायच्या. अर्थ कोणाला कळत नव्हता. सूर असा लागायचा की भोंगा वाजला तरी ऐकू येऊ नये. सुनिता किती दिवसांनी गोरबोली बोलली! नीमाला शिकवायला का होईना.

गहू वीतभर वर आला, पिवळा-हिरवा. शेवटच्या दिवशी तो उपटून मोठ्या माणसांच्या पागोट्यात खोवतात. तिकडं पागोटी कुठली? चौकीदाराच्या टोपीत खोवला, मिस्त्रींच्या कानावर खोवला, ते मशीनवर तसेच गेले. उरलेला गुरांच्या तळ्यात सोडायला निघालो. तीज पाण्यात सोडताना पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात, ती रीतच आहे. आज ना उद्या सगळ्या वेगवेगळ्या घरी जाणार म्हणून. मी पोरींना सांगितलं होतं, आता रडायचं असतं. चौकीदाराच्या पोरी खोटं खोटं रडत हसत होत्या. नीमा मात्र सुनिताला सोडेना. कोणीतरी तिला सांगितलं होतं की सुनिता वानखडेकाकासोबत जाणार. ती हुंदके देत होती, आणि सुनिता तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहून म्हणाली, “याडी, हे रडणं रीतीचं हाय का खरं?”

मी जीपच्या मागे चालत येणारी माझी याडी पाहत होते. तिनं उलटं गाणं का धरलं ते मला त्या तळ्यावर कळलं. रीत असो नसो, ती रडत होती, एवढंच होतं ते.

घरी येऊन मी मिस्त्रींना म्हटलं, “सुनिता नाही जाणार. नीमाच्या शाळेत घाला तिले.”

“स्वाहिली शिकून दारव्ह्यात काय करंन ते?”

“दारव्ह्यात जिनिंग शिकून तुमी इथी काय करून राह्यले?”

मिस्त्री कानावरचा गहू काढून पाहत बसले. मग म्हणाले, “याडीले तूच सांग.”

तेच तर अवघड होतं. बाजाराच्या दिवशी फोन लावला. मी सांगितलं. पलीकडे दुकानातला आवाज, कोणीतरी रिक्षा बोलावत होतं. मग याडी म्हणाली, “खाट विणून ठेवली होती.” मी रडत होते, ती नाही. शेवटी तिनं विचारलं, “तीज टाकली?”

“टाकली.”

“माती वारुळाची?”

“हो. त्याच्यापायी लय बोलणे खाल्ले.”

“कोणाचे?”

मी तिला सगळं सांगितलं. मामा नीमा, सबल, कोंबड्या. कोंबडीवाल्या शिक्षेला याडी हसली, तिला हसू आवरेना, दुकानवाल्याला मधेच सांगू लागली. मग दम घेऊन म्हणाली, “मंग आता ते बॅग तं उघड.”

त्याच दिवशी उघडली. पापडाचा खरंच चुरा झाला होता. गोधडी अंगणात टाकली, सुनिता आणि नीमा तिच्यावर लोळल्या. पाऊस लागला तेव्हा त्या वारुळातून कुंबीकुंबी उडाली. मामा नीमा भाजलेल्या मूठभर घेऊन आली, म्हणाली, “तुह्या खड्ड्याकडूनच निघाल्या.” मी खाल्ल्या. मिस्त्रींनी नाही.

तिथं आम्ही पुष्कळ वर्षं राहिलो. मग तिथंही कापूस पडला, तेच बोलणं, भाव नाही, मजुरी निघत नाही, आणि तेही फाटक बंद झालं. निघताना मामा नीमा रडली नाही, तिनं माझ्या अंगणाकडे पाहून विचारलं, “झाडून निघाली का?”

आणि घरी आले तर काय? याडीनं प्लास्टिकची खुर्ची आणली. चहा बशीसकट. मी भांडं उचललं की म्हणायची, “राहू दे, तू कायले करतं, बस.” पाण्याचा पेला ताटलीत ठेवून द्यायची. लोक यायचे, माझ्याकडे पाहून नीट बसायचे. मी खुर्चीत बसले की उठायची, ओसरीवरून रस्त्यापर्यंत जायची, परत यायची. बॅगा भिंतीशी तशाच उभ्या. ज्या घरासाठी एवढी वर्षं जीव टांगणीला लावला, त्या घरात मी पाहुणी.

असे काही दिवस गेले. एका सकाळी याडीचा डोळा चुकवून मी भांडी घासली आणि राखेचं पाणी सवयीनं दाराच्या डाव्या बाजूला ओतलं. तिथं तिनं सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरलेला. बारीक कोंब वर आलेले.

“आंधळी झाली का वं?” याडी आतून धावतच आली. “एवढी मोठी घोडी, दोन लेकराची माय, पाणी कुठी फेकावं समजत नाही? इमानात बसून आली म्हणून का माह्या वाफ्यावर पाय देशीन?” आणि जी सुरू झाली ती तांड्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढं. सुनिता ओसरीवर बसली होती, आता चांगली मोठी झालेली. ती माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, “मामा नीमा.”

मी खुर्ची उचलून भिंतीला लावली, चुलीसमोर जमिनीवर बसले आणि बॅग ओढली.

याडी आता नाही. मी दारव्ह्याला राहते, मिस्त्री दिवसभर रेडिओ खोलतात आणि जोडतात. आणि सुनिता कॅनडात आहे, लेकरं तिची लहान लहान. तिकडं बर्फ, काम, पाळणाघर, मला सगळं कळत नाही. तांड्यावरच्या बायांनो, तुमच्याही लेकी कुठं पुण्यात, कुठं दुबईत लेकरं काखेत मारून फिरत असतील, म्हणून हे लिहायला बसले. सुनिता फोनवर म्हणायची, “याडी, लोक लय चांगले हाय. सारे हसतात, दार धरून उभे राह्यतात.” आणि तरी जीव लागत नाही म्हणायची. घरात या खोलीतून त्या खोलीत फिरते, सामानाचे खोके उघडले नाहीत. एकदा म्हणाली, थोरल्याला तुझ्याकडे पाठवू का? खाट विणावी असं वाटलं, खरं सांगते. पण मी दर वेळी एकच विचारायची, “कोणी रागावलं का तुले आतापर्यंत?”

“नाही वं, इथी कोणी रागवत नाही.”

“मंग थांब.”

तिला वाटायचं म्हातारी काहीतरी बोलते.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, आवाज रडका. खालच्या मजल्यावरची एक म्हातारी, एकटीच राहते, ती सुनिताला जिन्यात उभं करून फाडफाड बोलली. लेकरांच्या बुटांचा चिखल रोज जिन्यावर पडतो, तुझ्या आईनं तुला काही शिकवलं की नाही म्हणे.

“मंग तू काय केलं?”

“जिना पुसला.”

“अन् ते?”

“ते तिथीच उभी. मंग बोटानं दाखवलं, म्हणे कोपऱ्यात राह्यलं. मंग म्हणे, लेकरांचे बूट माझ्या दारात काढत जा, तिथी पायपुसणं हाय.”

मला हसू आवरेना. मिस्त्री हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून पाहायला लागले. सुनिता पलीकडून चिडली, “याडी, मी इथी रडून राह्यली अन् तू हसतं?”

“हसू दे,” मी म्हटलं. “आता ते खोके उघड.”